पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाऊस

भाद्रपदातलं ऊन लोकांना आवडतं, मला त्याची भीती वाटते. गणपती येऊन जातात, आभाळ पुसून ठेवल्यासारखं निळं होतं आणि नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर बायका गाद्या, उशा, दमट वास मारणारे स्वेटर घेऊन चढतात. झाली बाई एकदाची उघडीप, म्हणत कठड्याला टेकून गप्पा मारतात. मीही माझी गादी टाकते, पण माझं लक्ष पेठच्या डोंगरांच्या बाजूला असतं. तिकडं काळपट पट्टा दिसला की मी गादी गुंडाळते. शेजारणी हसतात. मुलगी पुण्याहून आलेली असली तर तीही हसते आणि म्हणते, गेला आता पाऊस, कशाला जीव टांगून बसतेस. पाऊस जातो, यावरचा माझा विश्वास ऐंशीच्या दशकातल्या एका भाद्रपदात उडाला. आणि तोही एका बंद, थंडगार खोलीत, जिथं पावसाचा एक थेंबही पडत नव्हता.

गंगापूर रोडवर तेव्हा बंगले विरळ होते आणि मधल्या जागेत द्राक्षांचे मळे होते. त्यातल्या एका बंगल्याच्या तळमजल्यावर, दोन खोल्यांत, सरांचं ऑफिस होतं. सर म्हणजे सरकारी नोकरीत आयुष्यभर धरणं बांधून निवृत्त झालेले इंजिनिअर. त्यांच्याकडे लहान धरणांची, पाटांची, पुलांची हिशेबाची कामं यायची. बाहेरच्या खोलीत नकाशे आणि आम्ही, आतल्या खोलीत कॉम्प्युटर. अख्ख्या बंगल्यात एसी तेवढ्या एकाच खोलीत होता आणि तो माणसांसाठी नव्हता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. धूळ जाऊ नये, हे खरं कारण. पण कामासाठी आलेली गावाकडची माणसं चपला काढता काढता हातही जोडायची. खंडेनवमीला सरांच्या पत्नी त्या यंत्राला हळदकुंकू वाहायच्या, झेंडूची माळ घालायच्या, आणि माळेतलं पाणी कीबोर्डवर गळू नये म्हणून आमचे दिघे शेजारी रुमाल घेऊन उभे असायचे.

दिघे प्रोग्रॅम लिहायचे. उंच, किडकिडीत, बोलताना समोरच्याच्या खांद्यापलीकडे बघणारे. मी त्यांच्या हाताखाली. संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, शालिमारजवळच्या एका क्लासात कॉम्प्युटर शिकलेली, आणि नाशिक रोडहून बसनं लोंबकळत येणारी. वडील नोटांच्या प्रेसमध्ये होते. आमच्या बुद्धविहाराच्या गल्लीत कॉम्प्युटर डोळ्यांनी पाहिलेली मी पहिलीच, त्यामुळे शेजारच्या मावशी संध्याकाळी मला अडवून विचारायच्या की आज यंत्र काय म्हणालं. मी सांगायचे, पाऊस पडला म्हणालं. त्या म्हणायच्या, मग आपल्याकडं का नाय पडला. मला हसू यायचं. तो प्रश्न हसण्यासारखा नव्हता, हे पुढं कळलं.

काम असं होतं. पेठच्या डोंगरात एक लहानसं धरण होतं. पावसाळ्यात ते भरलं की जास्तीचं पाणी सांडव्यावरून खालच्या ओहोळात पडायचं. पाटबंधारे खात्यातल्या कुणाच्या तरी डोक्यात आलं की सांडव्याच्या माथ्यावर लाकडी फळ्या बसवल्या तर पाणी हातभर आणखी अडेल, आणि उन्हाळ्यात तेवढंच उपयोगी पडेल. प्रश्न एवढाच होता की फळ्या श्रावण सरतानाच बसवल्या, आणि त्यानंतर एखादा मोठा पाऊस आला, तर ओहोळाच्या वळणावर जो खालचा पाडा आहे त्यात पाणी शिरेल का. याचं उत्तर सरांनी द्यायचं होतं, म्हणजे दिघ्यांनी द्यायचं होतं, म्हणजे यंत्रानं द्यायचं होतं.

उन्हाळ्यात आम्ही मोजणीला गेलो तेव्हा त्या पाड्यातलं सगळ्यात खालचं घर यमुनाचं निघालं. कुडाच्या भिंती, वर कौलं, पुढं सारवलेलं अंगण आणि अंगणाला लागूनच तिचं भाताचं वावर. नवरा मागंच वारलेला, कडेवर पोर. मोजणीची उंच पट्टी मी धरली होती. उन्हानं माझ्या डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा तिनं मला ओढून आत नेलं आणि नागलीची आंबील प्यायला दिली. तिची आंबट, धुरकट चव अजून जिभेवर आहे. जाताना सरांनी तिच्या उंबऱ्याच्या दगडावर लाल रंगाचा पट्टा ओढायला लावला. पाणी इथवर आलं की पाड्यात पाणी आलं असं धरायचं, असं ठरलं. यमुनानं विचारलं की पूजा करायची का याची. सर म्हणाले, नाही, पुसू नका एवढंच.

नाशिकला परत आल्यावर तो पट्टा यंत्रात एक आकडा होऊन गेला. तो आकडा म्हणजे यमुनाचा उंबरा, हे त्या खोलीत मला सारखं आठवायचं, आणि मला वाटतं दिघ्यांनाही आठवायचं.

आता यंत्रात पाऊस कसा पाडायचा? दिघ्यांनी मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा चहाच्या टपरीवर बाकावर बसून सांगितलं, आणि मला ते आवडलं होतं. यंत्र प्रत्येक दिवसासाठी एक आकडा उचलतं. त्या आकड्यावरून ठरतं की आज कोरडं की ओलं, आणि ओलं तर किती. असे दिवसामागून दिवस, मोसमामागून मोसम. आकडे दैवानं पडल्यासारखे दिसतात, पण ते दैव नसतं. सुरुवातीला यंत्राला एक आकडा द्यायचा, त्याला सीड म्हणायचं. तेच सीड दिलं की पुन्हा तीच रांग, तेच आकडे, तोच पाऊस. पत्त्यांचा कॅट एकदाच पिसायचा, आणि दोन्ही डावांना तसाच वाटायचा. पहिला डाव बिनफळ्यांचा, दुसरा फळ्यांचा. पाऊस तोच असल्यामुळे जो फरक दिसेल तो फळ्यांचाच असणार. आपल्या आयुष्यात असं कधी करता येत नाही, असं दिघे म्हणाले, आणि माझ्या खांद्यापलीकडे बघत राहिले.

पहिला डाव सुरू झाला. यंत्र हळू होतं, प्रिंटर किरकिरत होता, कागदाच्या घड्या खाली पेटीत पडत होत्या. बाहेर श्रावणाची भुरभुर, आत एसीची घरघर आणि स्टॅबिलायझरचा तो टकटक आवाज. मला दुसरं काम नव्हतं, म्हणून मी त्या खोट्या मोसमांत राहायला लागले. यंत्र दिवस नुसते क्रमांकानं लिहायचं, मी ते सणांवर बसवायचे. भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घ्यायचं आणि बघायचं: इथं नागपंचमी, इथं राखी, इथं गौरी. पहिल्या मोसमात गौरी कोरड्या गेल्या. दुसऱ्यात राखीला झड लागली. आणि तिसऱ्या मोसमात पोळा उन्हात पार पडला आणि दुसऱ्या दिवशी असा काही पाऊस कोसळला की तो आकडा बघून मी पाय वर घेऊन बसले. वेडेपणाच. पण मला बैलांच्या शिंगांचा ओला रंग दिसला, तोरणं वाहून जाताना दिसली. फळ्या नव्हत्या म्हणून त्या दिवशी पाणी लाल पट्ट्याच्या खाली थांबलं, अगदी जेमतेम.

त्याच सुमारास गोदावरीला पूर आला होता, खराखुरा. नाशिककरांची पूर बघायची एक तऱ्हा आहे. पाणी नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, अशी बातमी घरोघर पोचते आणि माणसं मुलाबाळांना घेऊन, कणसं खात पुलावर उभी राहतात. मीही वडिलांबरोबर गेले होते. लालभडक पाणी, त्यात फिरणारे ओंडके, देवळांचे बुडालेले कळस, आणि आमच्या हातात तिखटमीठ लावलेली कणसं. आपण पुलावर आहोत, ही किती मोठी गोष्ट आहे हे तेव्हा डोक्यातही आलं नाही. पुलावरच्या माणसाला पूर ही बघायचीच गोष्ट वाटते.

पहिल्या डावातले पाण्याच्या उंचीचे आकडे सरांनी आम्हाला हातानं लावायला सांगितले होते, सगळ्यात मोठा वर, मग त्याहून लहान, असे प्रत्येक मोसमाचे. आम्ही कंटाळून गेलो. तेव्हा दिघ्यांच्या एका मित्रानं मुंबईहून एक फ्लॉपी दिली. तिच्यात तयार लायब्ररी होती, म्हणजे कुणी दुसऱ्यानंच लिहून ठेवलेले प्रोग्रॅमचे तुकडे. त्यातला एक तुकडा आकडे झटकन लहानमोठे लावून द्यायचा. तो कसा लावतो ते कुणाला बघायचं नव्हतं, बघता येतही नव्हतं. आपण आकडे द्यायचे, तो लावलेले परत देणार. दिघ्यांनी तो प्रोग्रॅमला जोडला आणि दुसरा डाव सुरू केला. कागद बाहेर आला तसं सरांनी पहिलं पान मागच्या पहिल्या पानाशी ताडून बघितलं. पाऊस तंतोतंत तोच. सरांची ती आयुष्यभराची सवय होती: पहिलं पान जुळलं की पुढं बघायचं नाही. खात्यात हजारो पानं तपासणाऱ्या माणसाला दुसरं काही जमणारही नव्हतं.

निकाल आला तो चमत्कारिक होता. फळ्या बसवल्यावर पाड्यात पाणी कमी वेळा येत होतं. दिघ्यांनी बेरीज पुन्हा करून बघितली, तीच आली. सर मात्र खूश झाले. त्यांनी लगेच पेन्सिल घेऊन आम्हाला समजावून दिलं की फळ्यांमुळे पाणी वर अडतं, सावकाश सुटतं, म्हणून खाली जोर कमी होतो. ऐकताना ते पटलं. हुशार माणसाला कुठल्याही निकालाचं कारण सापडतं, आणि एकदा कारण सापडलं की निकाल खरा वाटायला लागतो. अहवाल गेला. पाड्याला काही धोका नाही, असा निरोपही सरांनी माणूस पाठवून यमुनाच्या पाड्यापर्यंत पोचवला. फळ्या बसल्या.

मग गणपती आले. आरासीचं सामान, रस्त्यावर मांडव, दुपारभर लाइट गायब. एका दुपारी लाइट आले आणि खात्याला द्यायची आणखी एक प्रत काढायला मी आत जाऊन बसले. दुसऱ्या डावाचे कागद खाली पडत होते. पहिला मोसम ओळखीचा गेला. दुसरा आला, आणि मला राखीची झड दिसली नाही. मला वाटलं माझंच चुकलं असेल. मग तिसरा आला. मी पोळ्याची वाट बघत बसले, ओळखीचा माणूस स्टेशनवर उतरायचा असतो तशी. पोळा आला. दुसरा दिवस आला. कोरडा. त्याच्या पुढचाही कोरडा.

तो पाऊस कुठं गेला? मला खरंच भीती वाटली. इतका मोठा पाऊस, ज्याचा आवाज मी ऐकला होता म्हटलं तरी चालेल, तो कुणीतरी मोसमातून काढून घेतला होता आणि जागा अशी भरून काढली होती की खूणही राहिली नव्हती. मी बाहेर येऊन दिघ्यांना सांगितलं की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा पाऊस पडलाच नाही. ते हसायला लागले आणि मधेच थांबले. दोन्ही डावांचे कागद जमिनीवर शेजारी शेजारी पसरून ते गुडघ्यांवर बसले, आणि बराच वेळ उठले नाहीत.

दोष शोधायला दिघ्यांना मुंबईच्या मित्राला ट्रंककॉल करावा लागला. तो लायब्ररीतला तुकडा आकडे लावताना सुरुवात कुठून करायची ते दैवावर सोडायचा. त्यानं काम लवकर होतं म्हणे. पण दैवाची रांग यंत्रात एकच. आमचा पाऊस त्याच रांगेतून आकडे उचलायचा, आणि मोसम संपला की हा पाहुणाही निमूटपणे त्याच रांगेतून आकडे उचलायचा. पत्ते वाटत असताना शेजारून कुणी पानं काढून नेली तर पुढचे सगळे हात बदलतात, तसं. पहिला मोसम जुळला, कारण तोवर पाहुणा जागा झाला नव्हता. दुसऱ्यापासून दोन्ही डावांत वेगळाच पाऊस पडत होता, आणि फळ्यांच्या वाट्याला योगायोगानं हलका पाऊस आला होता. फळ्यांनी काहीच वाचवलं नव्हतं.

यात चुकलं कोण, याचा मी पुढं पुष्कळ विचार केला आहे. ज्यानं तो तुकडा लिहिला त्याचे आकडे बरोबर लागत होते. दिघ्यांचा पाऊस बरोबर होता. सरांनी पान ताडून बघितलं होतं. प्रत्येकाचं आपापल्या जागी ठीक होतं आणि सगळं मिळून एका बाईच्या उंबऱ्यापर्यंत खोटं पोचलं होतं. चोर असता, हलगर्जी असती, तर राग तरी धरता आला असता. इथं राग धरायला कुणी नव्हतं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटते. तेव्हापासून मला असंही वाटतं की आपल्या रांगेतूनही कुणी ना कुणी सारखं काहीतरी उचलत असतं. कुणीतरी बसमध्ये आपल्या आधी चढतं, कुणाचा तरी अर्ज आपल्या अर्जावर ठेवला जातो, आणि तिथून पुढचं आपलं सगळं आयुष्य वेगळं येतं. पहिलं पान जुळलेलं असतं, म्हणून आपण पुढचं तपासत नाही.

दिघ्यांनी तो पाहुणा काढून टाकला आणि फळ्यांचा डाव पुन्हा लावला. या वेळी राखीची झड आली, पोळा उन्हात गेला, आणि दुसऱ्या दिवशी तो पाऊस आला. मला क्षणभर आनंद झाला, हे सांगायला हवं. हरवलेलं माणूस सापडावं तसा. मग मी शेजारचा आकडा वाचला. फळ्यांमुळे धरण आधीच काठोकाठ भरलेलं, नव्या पाण्याला जागाच नव्हती, आणि ते लाल पट्टा ओलांडून गेलं होतं, थोडंथोडकं नाही, यमुनाच्या घराच्या कौलांशी गेलं होतं. आणि असं पुढच्या मोसमांतही पुन्हा पुन्हा होत होतं.

सरांनी कागद बघितले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा बघितले. आरडाओरडा केला नाही. त्याच दुपारी सुधारलेला अहवाल स्वतः घेऊन खात्यात गेले आणि तसेच परत आले. संबंधित साहेब गौरीगणपतीला गावी गेले होते, आणि त्यांच्याशिवाय फळ्यांना कुणी हात लावणार नव्हतं. रेडिओवर बंगालच्या उपसागरात कमी दाबाचा पट्टा तयार झाल्याचं सांगत होते. सर म्हणाले, "तुम्ही दोघं जा. तिला सांगा आमचं चुकलं. कागद पोचेल तेव्हा पोचेल, माणसं आधी वर न्या."

पेठची एसटी सीबीएस स्टँडवरून निघाली तेव्हा ऊन होतं. घाटात तेरड्याची गुलाबी फुलं, सोनकीचे पिवळे उतार, दगडांवरून निथळणारं पाणी. इतकं सुंदर होतं की मला ते सहन होईना. गाडीत ओल्या घोंगड्यांचा वास, पायाशी कुणाच्या तरी कोंबड्या. दिघे खिडकीबाहेर बघत आकडे पुटपुटत होते. उतरून पायवाटेनं पाड्याकडे जाताना डोंगरामागून ढग वर येत होते, दाट, खालून काळे आणि वरून उन्हानं उजळलेले.

यमुना वावराच्या बांधावर होती. भात निसवलं होतं, लोंब्यांत दूध भरत होतं. आम्हाला बघून ती हसली. आम्ही सांगितलं की घरं सोडून वरच्या पाड्यातल्या शाळेत जायला हवं, पाऊस सरेपर्यंत. तिचं हसू गेलं.

"तुमीच पयले निरोप धाडला, भेव नाय. आता सांगता भेव हाय. मधी काय झालं?"

दिघ्यांनी समजावायचा प्रयत्न केला. यंत्रातला पाऊस, रांग, पाहुणा. तिनं नीट ऐकून घेतलं. आजूबाजूला पाड्यातली माणसं जमली होती. मग तिनं विचारलं, "मंग त्या दोन्ही पावसांतला खरा कोन्ता?"

दिघे माझ्याकडे वळले. मी म्हणाले, "दोन्ही खोटेच, यमुनाबाई. पण हा दुसरा बरोबर आहे."

यावर कुणी हसलं नाही. एक म्हातारा म्हणाला की भात टाकून वर गेलो तर रानडुकरं येतील. खरं होतं. या दिवसांत माळ्यावर बसून, डबे वाजवून राखण करावी लागते. एक फेरा चुकला तरी कळप वावर नांगरून जातो. यमुनानं लोंब्यांवरून हात फिरवला, पोराला उचललं आणि घरातून गोधडी आणि भांडी काढायला लागली. ती निघाली म्हणून बाकीचेही निघाले. आम्ही त्यांच्याबरोबर शाळेपर्यंत चढलो. मागं वळून बघितलं तेव्हा खालच्या वावरांवरून वारा जात होता आणि भात हलत होतं.

पाऊस आला. धरण भरलं, फळ्यांवरून पाणी पडलं, ओहोळ दोन्ही काठ भरून वाहिला. पण लाल पट्ट्याला पाणी लागलं नाही. वरच्या शाळेत माणसं कुडकुडत बसली होती आणि खाली त्यांची रिकामी घरं धडधाकट उभी होती. पाऊस ओसरला, माणसं उतरली. यमुनाच्या वावरात एक लोंबी उभी नव्हती. चिखलात खुरांचे खड्डे आणि त्यात साचलेलं पाणी.

दसऱ्यानंतर मी एकटी तिला भेटायला गेले. ती शिव्या देईल असं धरूनच गेले होते, तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं मला उंबऱ्याशी नेलं आणि कोरडा पट्टा दाखवला.

"पानी नाय आलं," ती म्हणाली. "डुकरं आली."

त्या वर्षी ती पोराला घेऊन निफाडकडे द्राक्षांच्या कामाला गेली, एरवी जायची त्याच्या कितीतरी आधी. मला दिघ्यांचं चहाच्या टपरीवरचं बोलणं आठवलं, की एकच पाऊस दोनदा पाडून बघणं आयुष्यात जमत नाही. यमुनाला ते जमलं होतं. घर सोडलं नसतं तर काय झालं असतं, हे कुणालाच कळत नाही. तिला कळलं होतं. काही झालं नसतं. भात घरात आलं असतं. हे कळणं किती वाईट आहे ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

दिघे म्हणाले होते की एका मोसमानं काही सिद्ध होत नाही, तो पाऊस अजून यायचाच आहे. ते बरोबर होते, पण त्यांना हे तिच्यापुढं म्हणवलं नसतं. मी म्हणाले. जिचं पीक आमच्या सांगण्यावरून गेलं तिला मी तिच्याच उंबऱ्यात उभं राहून सांगितलं की यंत्रातला तो मोठा पाऊस गेलेला नाही. कधी येईल ते यंत्राला माहीत नाही, मलाही नाही. ती ओहोळाकडे वळली.

"मंग तो हाय कुटं तरी," ती म्हणाली.

सुधारलेल्या अहवालाला उत्तर आलं नाही. फळ्या पुढच्या वर्षीही बसल्या, आणि नंतर कधीतरी त्यांच्या जागी सिमेंटचं पक्कं बांधकाम झालं. सर गेले. दिघे बंगलोरला गेले आणि तिथलेच झाले. माझी मुलगी पुण्यात प्रोग्रॅम लिहिते. तिला एकदा मी ही हकीकत सांगून विचारलं की असं आताही होतं का. ती म्हणाली, आता प्रत्येकाला वेगळी रांग देतात, बहुतेक. मग तिच्याच लक्षात आलं आणि ती म्हणाली की आम्ही एका कामात शंभर लायब्रऱ्या जोडतो आई, आत कोण काय करतं ते कोण बघतं. आणि विषय बदलला.

पाड्यातली माणसं पुन्हा कधी वर गेली नाहीत. एकदा जाऊन त्यांनी पाहिलं होतं. एकटी यमुना जाते. दर भाद्रपदात, अंधार पडायच्या आत, ती गोधडी घेऊन शाळेच्या ओट्यावर झोपायला चढते आणि उजाडल्यावर खाली येते. पहिल्या वर्षांत पोराला घेऊन जायची. पोरगा मोठा झाला, त्याला लाज वाटायला लागली, तेव्हापासून एकटीच. लोकांनी तिला येडी ठरवलं, मग हसणंही सोडून दिलं. तिच्या मुलाकडे मोबाइल आल्यापासून मी या दिवसांत तिला फोन करते. दोन बायका बोलतात तसं बोलतो. नागली कशी आहे, गुडघे कसे आहेत. आणि शेवटी मी विचारते की वर जाताय ना. ती म्हणते, जाते की. मग मला झोप लागते. इतक्या वर्षांत तिच्या उंबऱ्याला पाणी लागलेलं नाही, तरी तेवढं एक उत्तर मला पुरत आलं आहे.

काल संध्याकाळी मी फोन केला. इथं आभाळ स्वच्छ होतं, खाली मुलं क्रिकेट खेळत होती. तिकडं कौलांवर पावसाचा आवाज इतका होता की मला माझंच बोलणं ऐकू येईना. मी दोनदा विचारलं, वर जाताय ना.

"यंदा पाय चालत नाय, ताई," यमुना म्हणाली. "मी खालीच हाय."